भाकर कशावर भाजायची?

"येवढा कोळसा मातीत घालनार? मंग भाकर कशावं भाजायची?"

कातकरी वाडीवरच्या आजीने हे विचारलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. संस्थेचा मुलगा हसला, मामा हसला, मीही हसले. आजी नाही हसली. तिने विनोद केलाच नव्हता. कुणी काही बोलेना तसा तिने कमरेला खोचलेला पदर सोडला, परत खोचला आणि भट्टीकडे तोंड करून उभी राहिली. परतीला मुरबाडहून कल्याणची एसटी, मग ठाण्याची लोकल, मग वर्तकनगरपर्यंत रिक्षा. एवढ्या प्रवासात तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. नखांत काळं अडकलं होतं. अंगाला येणारा वास ओळखीचा होता, पण कशाचा ते ठरत नव्हतं. चुलीचा म्हणावा तर तसा नाही, आणि राबाचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या जमिनीचा, तर नाहीच. राबाचा वास मी झोपेतही ओळखेन.

सरळगावच्या पुढे मामाची शेती आहे. फाल्गुन उतरणीला लागला होता. खाचरं मोकळी, भाताची धसकटं उन्हाने पांढरी पडलेली, वाल काढून झालेला, लांब गोरखगडाचा सुळका धुरकट हवेत अर्धा दिसतोय, अर्धा नाही. या दिवसांत दुपारचं शेतात कुणी फिरकत नाही, पण त्या दिवशी बांधावर निम्मं गाव जमलं होतं. एका संस्थेची मंडळी बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, करून दाखवायला आली होती. लोखंडी पत्र्याची भट्टी, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली, आत माणूस कमरेपर्यंत उभा राहील एवढी खोल. शेजारी वाळक्या फांद्यांचे, तुरीच्या काड्यांचे ढीग. पाण्याची पिंपं. आणि मोबाइल हातात धरलेला एक तरुण मुलगा, जो काडी उचलण्याआधी तिचा फोटो काढत होता.

मला वाटलं होतं, झाकण वगैरे लावून काहीतरी गुंतागुंतीचं करतील. तसं काही नव्हतं. तळाशी थोडा जाळ केला. तो नीट धरल्यावर वर काटक्यांचा एक थर टाकला. त्या काटक्यांवर राखेची पांढुरकी झाक आली की दुसरा थर, मग तिसरा. घाई केली तर आग गुदमरते आणि धूर होतो. उशीर केला तर खालचा कोळसा जळून राख होते. सगळं कसब त्या मधल्या वेळात आहे. वरच्या थराची ज्योत आजूबाजूचा प्राणवायू स्वतःच खाऊन टाकते, खाली पोचू देत नाही, त्यामुळे खालचं लाकूड नुसतं भाजतं, जळत नाही. लाकडातून सुटणारे वायू, एरवी ज्यांचा धूर झाला असता, ते वर जाताना त्या ज्योतीतच पेटून जातात. "आरं, धूर कुठंय?" मामा सारखा विचारत होता. एवढी मोठी आग आणि डोळ्यांत पाणी नाही, हे त्याला पटत नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या काही लोकांनी २०१४ मध्ये अशा आकाराची भट्टी बनवली, तिला 'कॉन-टिकी' नाव दिलं आणि आराखडा कुणीही वापरावा म्हणून खुला करून टाकला, असं त्या मुलाने सांगितलं. आकारच सगळं काम करतो, म्हणाला.

भट्टी काठोकाठ आली तेव्हा पाणी ओतलं. फस्सकन पांढरी वाफ उठली, पुढे वाकलेली पोरं मागे पळाली, आणि ओल्या कोळशाचा एक गोडसर, किंचित औषधी वास पसरला. फावड्याने उपसताना त्यातून बारीक खणखणाट येत होता, कुणी काचेच्या बांगड्यांचा ढीग हलवावा तसा. असा आवाज आला म्हणजे कोळसा पुरता भाजलाय. त्या मुलाने एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि बोटांत चुरडायला सांगितलं. चुरडला. मग नुसत्या पाण्याखाली हात धरला आणि बोटं बऱ्यापैकी साफ झाली. चिकट, तेलकट राहिलं असतं, साबण लागला असता, तर आत डांबर उरलं असं समजायचं. नखांतलं मात्र साबणानेही गेलं नाही, तो भाग वेगळा.

ट्रेनमध्ये खिडकी मिळाली, तेव्हा त्यांनी वाटलेला कागद काढून वाचला. हिशेब साधा आहे. वाळक्या लाकडाच्या किंवा पेंढ्याच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, झाडाने हवेतून घेतलेला. उघड्यावर पेटवलं की तो जवळजवळ सगळा परत हवेत. कुजू दिलं तरी काही वर्षांत हवेतच, फक्त सावकाश. भट्टीत नीट भाजलं तर त्यातला साधारण निम्मा कोळशात अडकून राहतो, आणि असा कोळसा मातीतल्या जिवाणूंना सहजासहजी पचत नाही. तो शेकडो वर्षं टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या लोकांनी कोळसा, हाडं, खापरं, खरकटं मिसळून घडवलेली काळी माती हजार-दोन हजार वर्षांनंतर आजही काळी आणि कसदार आहे. एक किलो कार्बन मातीत राहिला म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड आभाळात गेला नाही. वाचून बरं वाटलं. मुंब्र्याच्या खाडीवर गाडी आली आणि तो कुबट वारा आत शिरला, तेव्हा जरा जास्तच बरं वाटलं.

तरी आजी डोक्यात होतीच.

लहानपणी परीक्षा संपली की आम्हाला मामाकडे सोडायचे. तेव्हा राबभाजणी चालू असायची. पुढच्या पावसात ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, तो आधी भाजून घ्यायचा. आजोबा आणि गडी ऐनाच्या झाडाची कवळं, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडून आणायचे, बायका टोपल्यांनी पातेरा गोळा करायच्या. खाली शेण पसरायचं, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे आग भडकत पुढे धावत नाही, धुमसत धुमसत वाऱ्याच्या तोंडावर सरकते. संध्याकाळी गावावर निळसर धुराचा पट्टा उभा राहायचा. शेण, ऐन आणि तापलेली माती, असा तीन पदरी वास. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं अनवाणी त्या राखेत पाय घालून बघायचो, अजून गरम आहे का. मामी ओरडायची. मग जूनच्या पहिल्या पावसाला त्यातून जी रोपं वर यायची त्यांचा हिरवा रंग, तो शेजारच्या न भाजलेल्या तुकड्यात कधी यायचा नाही.

इंग्रजांना हा राब कधी धड पचला नाही. झाडं खरवडून जाळतात, एवढंच त्यांना दिसलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत टहाळ तोडण्यावर बंधनं आली, लोक चिडले, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मान यांनी राबाचा रीतसर अभ्यास केला, तेव्हा कुठे राखेसोबत मातीला बसणाऱ्या आचेचाही विचार सुरू झाला. आता दीडशे वर्षांनी पुन्हा कोणीतरी बाहेरून येऊन सांगतंय की राब भाजू नका. यावेळी कारण चांगलं आहे, सांगणारा मुलगा आपल्यातलाच आहे, आणि तो हातात पर्याय घेऊन आलाय. तरीही मामाच्या कपाळावरची आठी मला नवीन वाटली नाही. ती आजोबांच्या कपाळावर मी पाहिलेली आहे.

आजीचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी दुसरी भट्टी लावताना एक ढीग पुढे आणला, आजीने त्यातली एक फांदी उचलली, हुंगली, नखाने साल जरा सोलली आणि म्हणाली, "ह्ये वलं हाय." मुलाने ओल मोजायचं यंत्र टोचलं. ओलच निघाली. ढीग बाजूला केला. माझ्याशिवाय कुणाचं फारसं लक्ष गेलं नसावं, पण मग मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिचं तरुणपण कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं. दिवाळीनंतर शेठकडून उचल घ्यायची आणि अख्खं कुटुंब घेऊन रानात जायचं. पाऊस तोंडावर आला की परत. लाकूड रचायचं, पाला घालायचा, वरून माती थापायची, बाजूला भोकं ठेवायची. रात्र-रात्र जागून धुराकडे बघायचं. पांढरा दाट धूर येतोय तोवर लाकडातलं पाणी जातंय. मग तो पिवळट होतो, नाकाला झोंबतो. शेवटी निळा, पातळ, पलीकडचं दिसेल असा. निळा झाला की भोकं बुजवायची. डोळा लागला आणि कुठे माती खचली तर सकाळी नुसती राख, आणि त्या राखेचे पैसे उचलीत चढायचे. "कोळसा जायचा मंबईला, विस्तरीवाल्यांकडं," ती म्हणाली. हिशेब कधी मिटला का, असं मी विचारलं. तिने हात झटकला.

म्हणजे कमी हवेत लाकूड भाजायची जी विद्या आम्ही त्या दुपारी खाऊचा पुडा हातात घेऊन बघत होतो, ती तिला आमच्या कितीतरी आधी येत होती, आणि त्या विद्येने तिला आयुष्यभर कर्जात ठेवलं होतं. तिच्या वाडीवर आता गॅस सिलिंडर आलेत. पण टाकी भरून आणायची तर मजुरीचे दोन-तीन दिवस त्यात जातात, म्हणून ती बहुतेक घरांत कोपऱ्यात उभी असते आणि चूल काटक्यांवर पेटते. त्याच काटक्या भट्टीशेजारी रचलेल्या होत्या. तिचा प्रश्न सरळ होता. आमच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही हसलो.

शहरात बसून 'शेतातला टाकाऊ माल' म्हणणं सोपं असतं. पंजाबात भातकापणीनंतर पेंढा जाळतात, विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्या जाळतात, तिथे ते बरोबरही असेल. मामाच्या घरी मी एकदा नुसतं बघत फिरले, काय टाकून देतात म्हणून. पेंढा गुरांना, उरला तर तबेलेवाले घेऊन जातात. तूस वीटभट्टीवाला नेतो, काही विटांच्या मातीत मळायला, काही जाळायला. कोंडा कोंबड्यांना आणि म्हशीला. वालाचा पाला गुरांना. तुरीच्या काड्या मामी कुणाला हात लावू देत नाही, पावसाळ्यात चूल पेटवायला त्याच लागतात. शेण अर्धं गोवऱ्यांना, अर्धं राबाला. फांद्या वाडीवरच्या बाया नेतात, आणि त्या बदल्यात लावणीला सगळ्यांत आधी मामाच्या शेतात येतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ठरलेलं आहे. थोडक्यात, अंगणात धूळ सोडली तर बेवारस असं काही नव्हतं.

त्यात आकडा घालून बघितला तर आणखी पंचाईत. चाचण्यांमध्ये सहसा हेक्टरी ५ ते १० टन बायोचार घालतात. खालचा आकडा धरला तरी एकराला २ टन. वाळक्या मालाच्या पावपट कोळसा हाती येतो असं धरलं तर त्यासाठी ८ टन माल भट्टीत गेला पाहिजे. एकरभर भाताचा पेंढा निघतो एक-दीड टन. म्हणजे गुरांना पाच ते आठ वर्षं उपाशी ठेवलं तर मामाचं एक एकर काळं होईल. हे मी मामाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "गुरांनाच घाल भट्टीत."

आणि इकडे आमच्या सोसायटीत बघावं तर मालच माल. पर्जन्यवृक्ष, बदाम, गुलमोहर; माघापासून पाला नुसता पडत असतो. उघड्यावर जाळला तर ५,००० रुपये दंड, असा हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे. त्यामुळे आमचा वॉचमन तो पहाटे साडेचारला, कमिटी झोपेत असताना जाळतो आणि सहाला खिडकी उघडली की घरभर वास. मे महिन्यात पावसापूर्वीची छाटणी निघते, तेव्हा तर फांद्यांचे ट्रकच्या ट्रक. तलावपाळीवर शहाळ्यांचे ढीग, पण ते ओले. ओलं शहाळं भट्टीत घातलं की निम्मी आग पाणी उकळण्यातच संपते. आमच्या छाटणीचा एक ट्रक मुरबाडला पाठवता येईल का, असं मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विचारून पाहिलं. डिझेलचा खर्च कोण देणार, यावर चर्चा संपली. आणि खरंच, दुर्गाडीच्या पुलावर तासभर अडकून धूर ओकणाऱ्या ट्रकने आभाळाचं नेमकं किती भलं केलं असतं, याची मलाही खात्री नाही.

मामाने मात्र एक शहाणपणा केला. सगळ्या शेताला कोळसा पुरत नाही तर शेताला घालायचाच कशाला? रोपवाटिका लागते शेताच्या दहाव्या हिश्श्याएवढी, एकराला चार गुंठे. त्या दिवशी बनलेला कोळसा त्याने पोत्यात घालून जोत्यावर ठेचला, शेणकाल्यात आणि गोमूत्रात भिजत घातला. कोरडा कोळसा तसाच मातीत घातला तर आधी तो स्वतःच नत्र ओढून बसतो आणि पीक पिवळं पडतं. त्याचं पोट भरून मगच त्याला शेतात न्यायचं. राबाच्या तुकड्याचे त्याने दोन भाग केले. एक नेहमीसारखा भाजला, दुसऱ्यात हा काला पसरून माती खालीवर केली. मामीने देवाला नारळ कबूल केला, कुठल्या अर्ध्यासाठी ते सांगितलं नाही.

जूनच्या अखेरीस मी गेले तेव्हा दोन्ही तुकडे हिरवे होते. खरं सांगायचं तर बघून फरक कळत नव्हता. आपली कोकणी माती आंबट, आणि पाऊस एवढा की खत टिकत नाही, धुऊन जातं. अशा जमिनीला कोळसा मानवतो. त्याच्या अंगावर सूक्ष्म भोकंच भोकं असतात, त्यांत पाणी आणि खत धरून राहतं. जगभरच्या प्रयोगांची २०१७ मध्ये मोट बांधली तेव्हा उष्ण प्रदेशातल्या नापीक जमिनींत उत्पन्न सरासरी पाव हिश्श्याने वाढलेलं दिसलं, थंड प्रदेशांत काहीच नाही. पण हे आकडे मामाच्या चार गुंठ्यांत उभं राहून दिसत नसतात. दिसलं ते वेगळंच. कोळशाच्या अर्ध्यात आवण खणताना रोपं अलगद सुटत होती, मुळं तुटत नव्हती, मुठी बांधायला बायांना तो तुकडा आवडला. पण त्याच अर्ध्यात तण गुडघ्याएवढं. राबाची आच मातीतलं तणाचं बी मारते. भट्टीची आच भट्टीतच राहते. मामी दोन दिवस कंबर मोडून तण काढत होती आणि संस्थेच्या मुलाचं नाव घेत होती. चांगल्या अर्थाने नव्हे.

तो मुलगा बिचारा येऊन ऐकून घेतो. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. माझी कुरकुर वेगळी आहे. या कोळशातून जे 'क्रेडिट' तयार होतं, म्हणजे हवेत न गेलेल्या कार्बन डायऑक्साइडची विकता येणारी पावती, त्याला बाहेर टनाला १०० डॉलरच्या वर भाव मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून १ लाख टनांची क्रेडिट घ्यायचा करार केला, तेव्हा पेपरात बातमी होती. म्हणजे पैसा खरा आहे, खेळ नाही. तो मिळायचा तर पुरावा लागतो: किती माल, किती ओला, कुठे भाजला, कोळसा कुठल्या मातीत गेला. म्हणून ते फोटो. पुराव्याशिवाय दुसऱ्या गावातला धूरही क्रेडिट म्हणून विकला जाईल, हे मलाही कळतं. अर्धवट भाजलेल्या, धुरकट भट्टीतून मिथेन सुटतो आणि केलेलं पुण्य बरंचसं तिथेच वजा होतं. पण त्या मोबाइलमध्ये काड्यांचा फोटो होता, भट्टीचा होता, मामाच्या सातबाऱ्याचा होता. हुंगून ओल सांगणाऱ्या नाकाला तिथे रकाना नव्हता. आजीला त्या दिवसाची हजेरी मिळाली, बाकीच्या बायांना मिळाली तेवढीच.

हे मी त्या मुलाला बोलून दाखवलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी भट्टी आजीच्याच ताब्यात देतो. पण तिला जास्त हजेरी लावली तर गावातले माझ्याशी भांडतील, ते तुम्ही बघाल का?" मी मामाकडे बघितलं. मामा सुपारी कातरण्यात गुंतला होता.

यंदा सगळ्या काडीकचऱ्याचं आधीच वाटप झालंय. वाडीवरच्या बायांनी सांगून टाकलं की फांद्या आम्ही नेणार, तुम्हाला बारीक काटक्या हव्या तर न्या. मामीने तुरीच्या काड्या माळ्यावर टाकून शिडी काढून घेतली आहे. तण नको म्हणून राब पुन्हा भाजायचा, पण निम्म्या टहाळावर, आणि गार झाल्यावर त्यात कोळसा मिसळायचा, असं मामाचं ठरलंय. ते कुठल्याच पुस्तकात बसत नाही आणि कुठल्याच क्रेडिटमध्येही नाही. संस्थेचा मुलगा म्हणतो, मग तूस तरी भट्टीला द्या, तुसाचाही कोळसा होतो, त्यात सिलिका भरपूर असते. मामाने वीटभट्टीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि यंदा तुसाला दुसरं गिऱ्हाईक आलंय एवढंच म्हणाला. पलीकडून त्याने तिथल्या तिथे गोणीमागे पाच रुपये वाढवून दिले.